स्ट्रीट कार ट्रॅकवर नेताय? या चुका टाळा

मराठवाड्यातून शर्यतीचा ट्रॅक गाठायचा म्हणजे मोठा पल्ला आहे. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, यांपैकी कुठेही जा, छत्रपती संभाजीनगरहून हजार किलोमीटरच्या वर अंतर पडतं. ट्रेलर करणं प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे रोजच्या वापरातली पोलो किंवा ऑक्टाव्हिया चालवत न्यायची, ट्रॅकवर पळवायची आणि त्याच गाडीने घरी यायचं, असंच बहुतेकांचं गणित असतं. मॉडिफिकेशनचा प्रत्येक निर्णय या परतीच्या प्रवासाचा विचार करूनच घ्यायला हवा.

सगळ्यात मोठी चूक होते ती क्रमात. आधी एक्झॉस्ट, मग रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बदल), मग मोठे अलॉय आणि पैसे उरलेच तर ब्रेक. हा क्रम मला मनापासून खटकतो. ताकद वाढवली की प्रत्येक वळणाआधी जास्त वेग मोडावा लागतो, आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपात झेलावी लागते. कन्नडचा घाट उतरताना ब्रेक जळल्याचा वास आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. ट्रॅकवर तसा मारा प्रत्येक लॅपमध्ये, म्हणजे प्रत्येक फेरीत होतो, आणि मधे टपरीवर थांबून चाकं गार करायची सोय नसते.

म्हणून सुरुवात ब्रेक फ्लुइडपासून, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवापासून करा. फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने उतरतो. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर तो १५५ वर येतो. दोन-तीन पावसाळे पाहिलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर उतरणं हा सरळ धोका आहे. निघण्यापूर्वी ते पूर्ण बदला आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढून घ्या. फक्त डॉट ५ लिहिलेली बाटली उचलू नका. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाड्यांसाठी नाही. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट आहे, ते डॉट ४ च्याच जातीचं.

ब्रेक दगा देतात तेव्हा पेडल काय सांगतंय ते नीट समजून घ्या. पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जात असेल तर फ्लुइड उकळलंय. आत झालेली वाफ दाबली जाते, दाब कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचतच नाही. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. पहिल्याला नवीन फ्लुइड लागतं, दुसऱ्याला चांगले पॅड. दोन्हीवर मोठी डिस्क टाका असं सांगणारे मिस्तरी भेटतात, तिथे खर्च करू नका.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की लगेच ‘डिस्क वाकली’ म्हणून ती लेथवर द्यायची, हीही नेहमीची चूक. बऱ्याचदा डिस्क सरळच असते, पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो. तापलेली गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आणून ब्रेकवर पाय दाबून ठेवला किंवा हँडब्रेक ओढला की हे होतं. शेवटचा लॅप सावकाश मारा, ब्रेक जवळपास वापरूच नका, गाडी गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. नवे पॅड घरूनच रुळवून न्या.

आता गाडी खाली बसवण्याबद्दल. स्वस्त स्प्रिंग टाकून गाडी जमिनीला टेकवली की ती दिसते झकास. पण आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट जातीचं सस्पेन्शन असतं. गाडी फार खाली आली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. परिणामी वळणावर गाडी कमी झुकण्याऐवजी जास्त झुकू पाहते, डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तळाला आपटतो आणि पुढची पकड अचानक सुटते. थोडीच खाली आणा, स्प्रिंगला जुळणारे डँपर घ्या आणि पुढे निगेटिव्ह कँबर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन, वाढवून घ्या. टायरची बाहेरची कडाच झिजत असेल तर कँबर तरी कमी पडतोय किंवा हवा तरी.

हवेचंही तसंच. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरून उतरलात तर काही लॅपनंतर दाब सहा-आठ पीएसआय सहज वाढलेला दिसेल. सेशन (ट्रॅकवरची एक पाळी) संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारा, ती कुठपर्यंत पुसली जाते त्यावरून दाब ठरवा.

रीमॅप करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी करा. इंजिन गरम हवा ओढतं तेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, आणि कागदावरची ताकद गायब होते. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला की ही अडचण वाढते, शिवाय आपल्याकडची धूळ आहेच. पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडणारा क्लच आहे. त्याला जादा टॉर्क आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. ऑइल मात्र प्रत्येक सेशननंतर बघा. लांब वळणात ते सम्पच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला जातं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. वळणात ऑइलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी सरळ पिटमध्ये या.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. नोंदणीतल्या मूळ तपशिलात बदल करणारं मॉडिफिकेशन रस्त्यावर चालत नाही. नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरचं नुकसान आपल्याच खिशातून जाईल हे धरून चला.

परत निघताना टायरची हवा पुन्हा रस्त्याच्या मापाला आणा, चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा (पोलो आणि ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन मीटर) आणि पॅडची जाडी डोळ्यांनी बघा. निव्वळ ट्रॅकचे पॅड असतील तर ते काढून रस्त्याचे बसवूनच निघा. ते पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि हंगामात पहाटेच्या अंधारात तुळजापूरच्या अलीकडे-पलीकडे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली कधी समोर येईल सांगता येत नाही.