दवाखान्याचं दार आणि दुपारचे तीन

दवाखान्याचा नकाशा काढण्याआधी मे महिन्यात दुपारी तीनला प्लॉटवर जाऊन उभं राहा. सावली कुठं पडते तिथं फक्की मारा. लातूरला मी वीस वर्षं बांधकामं करतोय, पण हे मला माझ्या आईमुळं कळलं. एका दवाखान्याच्या पश्चिमेच्या दारात रॅम्प चढताना तिनं स्टीलचा कठडा धरला. चटका बसला, हात सुटला आणि तोल गेला. मी मागंच होतो म्हणून निभावलं.

दार उत्तरेला मिळालं तर उत्तम. पूर्वेला सकाळच्या ओपीडीच्या रांगेवरच ऊन येतं. रस्ता पश्चिमेलाच असेल तर नुसतं छत पुढं काढून भागत नाही. आपण १८ अंश अक्षांशावर. मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा छत पुरतं. चारनंतर ऊन तिरपं होऊन आत शिरतं. त्याला उभा आडोसाच लागतो. दारासमोर आठ-दहा फुटांवर विटांची जाळीची भिंत घ्या आणि वाट बाजूनं आणा, जुन्या वाड्याच्या ढेलजेसारखी. वळणावर स्ट्रेचर फिरलं पाहिजे, तेवढी जागा मोजून सोडा. जाळीपलीकडं कडुलिंब लावा. पानगळ उरकून एप्रिलपर्यंत तो पुन्हा भरलेला असतो. गुलमोहर नको, त्याच्या फांद्या ठिसूळ.

छताला उघडा पत्रा नको, खाली भट्टी होते. टाकावाच लागला तर खाली फूटभर पोकळी सोडून सिमेंट बोर्ड लावा, पोकळीची दोन्ही तोंडं उघडी ठेवा. माळवदाच्या घराला साणं, म्हणजे छतातलं झरोक्यासारखं भोक, असतं ते उगाच नाही. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट हवी. ती कोंडली की पंखा तीच खाली ढकलतो.

नातेवाईक डबा घेऊन दिवसभर बसतात. त्यांना उघड्या ओसरीत दगडी कट्टा द्या, अँब्युलन्सच्या धुरापासून लांब. क्षयासारखे आजार हवेतून पसरतात, म्हणून बंद हॉलपेक्षा ओसरीच बरी.

रॅम्प एकास बारा: दीड फूट जोत्याला अठरा फूट, सगळा छताखाली. फरशी खरबरीत शहाबादी. कठड्याला वरून सागवानी मूठ. काम ताब्यात देण्याआधी मी दुपारी तीनला त्या मुठीवर हात ठेवतो आणि साठपर्यंत मोजतो.