गॅस गिझर पेटत नाही? आधी कान लावा

सकाळी साडेसहा. बादली लावलेली, नळ सोडलेला आणि पाणी गारच. घरातून पहिली हाक येते, "गॅस संपला का बघ!" बहुतेक वेळा गॅस संपलेला नसतो.

मी पुण्यात पाचव्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्चीतली टाकी. पहिल्या वर्षी गिझरसाठी तीनदा माणूस बोलावला. तिन्ही वेळा त्याने सेल बदलले आणि येण्या-जाण्याचे पैसे घेतले. पुढच्या खेपेला एका वयस्क मिस्त्रींना फोन लावला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नळ सोडल्यावर टकटक येतंय का?" मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने निम्मा शोध लागतो, म्हणून हा लेखही त्याच प्रश्नाभोवती फिरेल.

आधी गिझर पेटतो कसा ते बघू. गरम पाण्याचा नळ सोडला की गिझरमधून पाणी धावायला लागतं. आत रबराचा एक पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाणी धावलं की त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि तो एक पिन ढकलतो. पिन एक बारीक स्विच दाबते. स्विच लागला की सेलवर चालणारा छोटा सर्किट बॉक्स ठिणग्या टाकतो (हीच ती टकटक) आणि त्याच वेळी गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नर पेटतो. ज्योतीत बुडालेली एक काडी 'ज्योत आहे' असं सर्किटला कळवत राहते. ते कळणं थांबलं की व्हॉल्व्ह मिटतो. म्हणजे क्रम असा: पाणी, ठिणगी, गॅस, ज्योत. साखळी कुठे तुटली ते शोधायचं, एवढंच आपलं काम. गिझरचं झाकण उघडायची गरज यात जवळपास कुठेच पडत नाही.

टकटक अजिबात येत नाही

गॅसचा इथे संबंधच नाही. सेल किंवा पाणी, दोन्हींपैकी एक.

सेलपासून सुरुवात करा, कारण ते सर्वांत सोपं. खालच्या डबीत टॉर्चचे दोन मोठे सेल असतात, प्रत्येकी दीड व्होल्टचे. बाथरूमच्या दमटपणाने पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय धरते. ती पॉलिश पेपरने घासून काढा. दोन्ही सेल एकदमच नवे घाला. एक जुना आणि एक नवा घातला की नवाही लवकर बसतो. हे सेल टॉर्चमध्ये घालून 'लागतात की' असं म्हणू नका. एलईडी टॉर्च मरणाऱ्या सेलवरही लागते, गिझरचा व्हॉल्व्ह मात्र त्यावर उघडत नाही.

नव्या सेलवरही शांतता असेल तर पाणी मोजा. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून, लिटरच्या खुणा असलेली बादली घड्याळ लावून एक मिनिट भरा. अडीच-तीन लिटरपेक्षा कमी पाणी येत असेल तर पडदा हलणारच नाही. आता शेजारचा गार पाण्याचा नळ तसाच मोजा. तिथेही धार बारीक असेल तर दोष टाकीचा, लाइनचा किंवा दाबाचा. गार पाणी धो-धो आणि गरम बारीक, तर काहीतरी तुंबलंय. बहुतेकदा ती गिझरच्या तोंडाशी असलेली जाळी असते.

जाळी घरी साफ करता येते. गॅसचा कॉक बंद करा. गिझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. खाली बादली धरून गरम नळ सोडा, म्हणजे आतलं पाणी उतरेल. मग गार पाण्याच्या पाइपचा नट पान्याने सैल करा. गिझरच्या नळीला दुसऱ्या हाताने आधार द्या, नाहीतर नळीच पिळवटते. तोंडाशी छोटी जाळी दिसेल. टाकीतली वाळू, गंज, सिमेंटचे कण सगळे तिथे येऊन बसतात. जुन्या टूथब्रशने धुवा, वायसर सरळ बसवा, नट हाताने फिरवून शेवटचा पाऊण आटा पान्याने द्या. आधी पाणी सोडून गळती बघा, गॅस नंतर. टाकी धुतल्यावर दोन दिवसांत गिझर बंद पडला असेल तर दुसरीकडे शोधायला जाऊच नका. जाळीच आहे.

शेवटच्या मजल्यावरची गंमत वेगळी. पाण्याची एक मीटर उंची म्हणजे साधारण ०.१ बार दाब. गिझरच्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो. तो ०.२५ बार असेल, तर टाकीतलं पाणी तुमच्या नळापेक्षा निदान अडीच मीटर वर हवं. तळमजल्यावर हा प्रश्न येत नाही, पाचव्या मजल्यावर मात्र रोज येतो. माझ्याकडे बादलीच्या नळावर गिझर पेटायचा आणि शॉवर लावला की विझायचा. शॉवर नळापेक्षा पाच फूट वर, म्हणजे दीड मीटर उंची तिथेच गेली. गिझर बदलून काही होणार नव्हतं. शॉवरची चाळणी साफ करून थोडं भागलं, आणि मग छोटा प्रेशर पंप बसवला. टाकी अर्धी असताना पेटत नाही आणि भरल्यावर पेटतो, असं होत असेल तर तुमचंही दुखणं हेच.

बाथरूमच्या टाइल्स नुकत्याच बदलल्या असतील तर आणखी एक शक्यता असते: गार आणि गरम पाइपची अदलाबदल. पाणी उलटं वाहतं, पडदा हलत नाही. नळाला पाणी छान येतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

सेल नवे, धार चांगली, जाळी साफ, जोडणी बरोबर, आणि तरी टकटक नाही? मग पडदा फाटलाय किंवा कडक झालाय, नाहीतर बारीक स्विच गेलाय. हे काम मिस्त्रीचं. पडद्याचा भाग स्वस्तात मिळतो. 'नवा गिझरच घ्या' असं कुणी म्हणालं तर पडदा बघितला का, हे विचारा.

टकटक येते, पेटत नाही

आता पाण्याला निर्दोष सोडायचं. गॅसचा कॉक उघडा आहे का, रेग्युलेटर चालू आहे का ते बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. नळ दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर पेटतो. चार-पाच वेळा करूनही पेटला नाही तर थांबा आणि खिडकी उघडा.

'शेगडी तर पेटतेय' हा पुरावा धरू नका. हिशोब करून बघा. मिनिटाला साडेपाच लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला मिनिटाला साधारण १४ ग्रॅम गॅस लागतो. शेगडीच्या एका बर्नरच्या तो चार-पाच पट. संपत आलेला सिलिंडर शेगडीला पुरतो, गिझरला नाही. थंडीत हे जास्त जाणवतं. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो, तो उकळून वायू होताना सिलिंडर गार पडतो. त्यातला ब्यूटेन तर शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. नाशिककडे डिसेंबरच्या पहाटे तळाला आलेला सिलिंडर ढेपाळला तर नवल नाही. त्यासाठी सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं हे प्रकार मात्र करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट नळीत येऊ शकतो.

घरी नुकताच पाइप गॅस आला असेल तर थांबा. सिलिंडरचा गिझर पाइप गॅसवर तसाच चालत नाही. पाइप गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याच्या तेवढ्याच घनफळात उष्णता बरीच कमी, म्हणून बर्नरच्या जेटची भोकं मोठी लागतात. जेट बदलणं अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. काही मॉडेल बदलताच येत नाहीत. ती विकलेली बरी.

हे काही नसेल आणि टकटक ढिली, थकल्यासारखी असेल, तर पुन्हा सेल. ठिणगी पडते पण व्हॉल्व्ह उघडायला जोर उरत नाही, ही अर्धमेल्या सेलची ठरलेली लकब आहे.

पेटतो आणि विझतो

किती वेळाने, हे महत्त्वाचं. पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी काडी काजळलेली किंवा तिची वायर सैल, नाहीतर सेल. बरोबर २० मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नाही. बऱ्याच गिझरमध्ये सलग २० मिनिटांनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते. दिवाळीत नळ न मिटता एकापाठोपाठ एक अभ्यंगस्नानं उरकली की आमच्याकडे चौथ्या माणसाच्या डोक्यावर गार पाणी ठरलेलं. नळ बंद करून पुन्हा सोडायचा, झालं.

अधूनमधून विझत असेल तर मिक्सर नळाकडे बघा. दांडी मधोमध ठेवली की गरम बाजूची धार निम्मी होते आणि पडदा मागे सरकतो. किंवा धार कमी म्हणून पाणी फार तापतं आणि अतिउष्णतेचा कट-ऑफ लागतो. एप्रिलमध्ये विदर्भात गच्चीवरची टाकीच तापलेली असते. त्यात गिझर आणखी अंश चढवतो. गॅसचा खटका 'उन्हाळा'वर आणा, पाण्याचा नॉब मोठा करा.

पाणी कोमटच

खटका 'उन्हाळा'वरच राहिलाय का, आधी हे. मग धार: जास्त पाणी सोडलं तर प्रत्येक लिटरला उष्णता कमी येते. पूर्वी याच धारेला कडक तापायचं आणि आता नाही, शिवाय तापताना आत किटलीसारखी कुरकुर ऐकू येते, तर तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार धरलेत. बोअरचं पाणी असलेल्या घरांत हे होतंच. कॉइल सोडवून सायट्रिक अॅसिडच्या द्रावणाने धुतात. तेही मिस्त्रीनेच करावं, कारण पुन्हा जोडताना गॅसच्या बाजूला हात लागतो.

ताबडतोब गॅस बंद करायचा, आणि मगच फोन

नळ मिटल्यावरही ज्योत चालू राहते. पेटताना 'भप्प' असा भडका होतो. झाकणावर काजळी येते. काचेतून ज्योत निळी न दिसता पिवळी, लांब जिभांची दिसते. यातलं एकही दिसलं तर 'आजची अंघोळ उरकून घेऊ' म्हणायचं नाही.

पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, आणि मग दार उघडण्याइतकंही बळ उरत नाही. मघाचाच हिशोब पुढे नेतो. मिनिटाला १४ ग्रॅम गॅस नीट जळायला जवळपास १९० लिटर हवा लागते, म्हणजे २० मिनिटांत पावणेचार हजार लिटरच्या आसपास. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मुळात हवा असते सहा हजार आठशे लिटर. दार-खिडकी बंद असेल तर निम्म्याहून जास्त हवा गिझरच ओढतो. म्हणून गिझर बाथरूमच्या आत नको. बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवा आणि आत फक्त पाइप आणा. 'आमचा पंधरा वर्षं आतच आहे, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांच्या खिडकीची काच फुटलेली असेल, तेवढंच. अंघोळ करताना चक्कर आली तर नळ मिटत बसू नका, आधी बाहेर या.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात नाही. गरम पाण्याचा नळही उघडायचा नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: नळ उघडला की गिझर आपण होऊन ठिणगी टाकतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइप गॅस हलका, तो वर जातो. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइप गॅसवाल्यांनी आपल्या गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावरून उतरवून मीटरजवळ चिकटवावा. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून नाही. केशरी रबरी नळीवरची तारीखही बघून घ्या. पाच वर्षं झाली की ती दिसायला धडधाकट असली तरी बदलायची.

मिस्त्रीला फोन करताना 'गिझर चालत नाही' म्हणू नका. 'सेल नवे आहेत, मिनिटाला चार लिटर पाणी येतं, टकटक येते, पेटतो आणि सहा सेकंदांत विझतो' असं सांगा. तो योग्य सुटा भाग घेऊन एकाच फेरीत येईल. काम झाल्यावर तो जिना उतरायच्या आत तीन गोष्टी स्वतः बघा: ज्योतीचा रंग, नळ मिटताच बर्नर विझतो का, आणि त्याने उघडलेल्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस.