पहिला स्वेटर विणताना: खांद्याचा उतार आणि गळ्याची गोलाई

मफलर विणून हात बसल्यावर स्वेटर हाती घेणाऱ्यांचे काम बहुधा मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडण्याच्या खोलगट भागापर्यंत, सुरळीत चालते, कारण तोवर फक्त ओळी मोजायच्या असतात. अडते ते त्यानंतर. ज्यांनी ब्लाउज शिवला आहे त्यांना मुंढा, खांद्याचा उतार आणि गळ्याची गोलाई नवी नसते. परंतु शिवणात हे आकार कात्रीने कापून मिळतात, तर विणकामात ते टाके कमी करून घडवावे लागतात. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. एकाहून अधिक टाके बंद करायचे असतील तर ते ओळीच्या सुरुवातीलाच करावे लागतात. ओळीच्या शेवटी बंद केल्यास लोकर बाहेरच्या काठावर अडकून राहते आणि उलटून पुढची ओळ विणण्यासाठी उरलेल्या टाक्यांपर्यंत पोहोचतच नाही.

उदाहरणासाठी चार वर्षांच्या मुलाचा, छातीचा तयार घेर ६४ सेंमी असलेला साधा स्वेटर घेऊ. ८ नंबरच्या म्हणजे ४ मिमीच्या सुयांवर आधी विणून पाहिलेल्या छोट्या तुकड्यात, म्हणजे नमुन्यात, १० सेंमीला २२ टाके आणि २८ ओळी बसतात असे धरले, तर पाठीला ७० टाके लागतात. आपला नमुना वेगळा आल्यास पुढचे आकडे त्या प्रमाणात बदलावेत.

पाठीपासून सुरुवात करावी. मुंढ्यासाठी पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४-४ टाके बंद करावेत आणि मग एकाआड एक ओळीत, तीन वेळा, दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करावा. सुईवर ५६ टाके उरतात. मुंढा सुरू झाल्यापासून ४२ ओळी, म्हणजे १५ सेंमी, होईपर्यंत सरळ विणावे. या ५६ टाक्यांची वाटणी १५ टाके खांदा, २६ टाके गळा, १५ टाके खांदा अशी होते.

खांद्याचे १५ टाके एकाच ओळीत बंद केले तर काय होते, हे मी भाच्यासाठी विणलेल्या पहिल्या स्वेटरात पाहिले आहे: खांदा काटकोनात राहिला आणि बाहीच्या डोक्यावर कापडाचा पोकळ फुगा उभा राहिला. माणसाचा खांदा मानेकडून दंडाकडे उतरतो, म्हणून दंडाकडची बाजू आधी थांबवायची आणि मानेकडची थोडी जास्त विणायची. पुढच्या सहा ओळींच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद केले की दोन्ही खांद्यांचे तीन-तीन टप्पे पूर्ण होतात. टप्प्यांच्या पायऱ्या टोचत असतील तर दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर घ्यावा आणि मग बंद करायला लागावे. मधले २६ टाके मोठ्या सेफ्टी पिनवर ठेवावेत.

पुढचा भाग मुंढा सुरू झाल्यापासूनच्या २६ ओळींपर्यंत हुबेहूब पाठीसारखाच असतो. गळा पुढून खोल लागतो, म्हणून इथे तो १६ ओळी आधी सुरू होतो. २७ वी ओळ सुलट, म्हणजे घातल्यावर बाहेर दिसणाऱ्या, बाजूची असेल. तिच्यात २२ टाके विणून थांबावे, मधले १२ टाके पिनवर घ्यावेत आणि पलीकडचे २२ टाके जास्तीच्या सुईवर ठेवावेत. काम उलटले की लोकर गळ्याच्या काठाशी येते: तिथे २ टाके बंद करून ओळ पूर्ण करावी आणि पुढच्या पाच उलट ओळींत गळ्याकडे काठाचा एक टाका सोडून दोन टाके एकत्र विणावेत. आता १५ टाके उरले पाहिजेत. सुरुवातीला दोन, मग एकेक आणि शेवटी चार ओळी सरळ, या क्रमानेच गोलाई येते. सारे टाके समान अंतराने कमी केले तर गळा तिरपा होतो. ४२ ओळी झाल्यावर खांदा पाठीप्रमाणे ५-५-५ असा बंद करावा, मात्र तो सुलट ओळींच्या सुरुवातीला, कारण मुंढ्याचा काठ तिथे आहे.

दुसऱ्या बाजूला नवी लोकर गळ्याशी जोडावी लागते आणि सारे उलटे होते: गळ्याचे टाके सुलट ओळीत, खांद्याचे उलट ओळीत. त्यामुळे दोन्ही बाजूंत एका ओळीचा फरक पडतो. आपले काही चुकले असे वाटून अनेकजणी इथे उसवायला घेतात; त्याची गरज नाही, शिवणीत तो फरक जिरतो.

जोडताना सुलट बाजू समोरासमोर ठेवून आधी फक्त उजवा खांदा शिवणाच्या उलट्या टिपेने (बॅकस्टिच) शिवावा. बाह्यांचे वजन याच शिवणीवर येते, त्यामुळे ती घट्ट असावी, पण कापड चुणू देऊ नये. मग १० नंबरच्या, म्हणजे आधीपेक्षा बारीक, सुईने, सुलट बाजूने, डाव्या खांद्यापासून खाली उतरत १८ टाके उचलावेत, पिनवरचे १२ विणावेत, वर चढत पुन्हा १८ उचलावेत आणि पाठीचे २६ घ्यावेत. एकूण ७४ होतात. काठावरच्या दर चार ओळींना साधारण तीन टाके हे प्रमाण ठेवावे. प्रत्येक ओळीतून टाका उचलला तर पट्टी लाटांसारखी उभी राहते, फार कमी उचलले तर गळा आवळतो. एक सुलट, एक उलट अशा सात ओळी विणून टाके ८ नंबरच्या सुईने सैल बंद करावेत.

डावा खांदा शिवण्याआधी तो पिनांनी जोडून स्वेटर मुलाच्या डोक्यातून घालून पाहावा. कानांशी अडकत असेल तर बंद केलेली शेवटची ओळ उसवून आणखी सैल करावी, आणि तरीही जमत नसेल तर डावा खांदा न शिवता तिथे दोन बटणे व धाग्याचे फास लावावेत.