मुख्याध्यापिका व्हायचे असेल तर आधी वेळापत्रक मागून घ्या

शिक्षणक्षेत्रात वरच्या पदापर्यंत जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षिकेने प्रथम आपल्या वाट्याला येणाऱ्या जादा कामांची यादी करावी. सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत, सजावट, फलकलेखन अशीच कामे त्या यादीत असतील आणि वेळापत्रक, परीक्षा, अंदाजपत्रक किंवा नेमणुका यांपैकी एकही काम नसेल, तर दहा वर्षांनी तिच्या गाठीशी कौतुक पुष्कळ असेल, परंतु मुलाखतीत सांगण्याजोगा एकही निर्णय नसेल. पहिल्या प्रकारची कामे कमी दर्जाची आहेत असे मुळीच नाही. मात्र त्यांत वेळ, पैसा आणि माणसे यांची वाटणी सहसा करावी लागत नाही, आणि प्रमुखाचे काम म्हणजे मुख्यतः हीच वाटणी असते.

म्हणून वेळापत्रकाचे काम मागून घ्यावे. ते हौसेने करणारे फारसे कोणी नसते, त्यामुळे नकार मिळण्याची शक्यता कमी. समजा, शाळेत १६ तुकड्या, आठवड्याला ४० तासिका आणि एकच प्रयोगशाळा आहे. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून प्रयोगशाळेच्या ३ तासिका द्यायच्या म्हटले तर ४८ लागतात, म्हणजे ८ कोठून तरी कमी कराव्याच लागतात. वरच्या ८ तुकड्यांना ३ आणि खालच्या ८ तुकड्यांना २ दिल्या की बेरीज बरोबर ४० होते. पण मग साहित्य मांडायला एकही तासिका उरत नाही, आणि खालच्या वर्गांचे शिक्षक ‘आमच्याच मुलांच्या तासिका का कापल्या?’ असे विचारायला येतात. त्यांना कागद दाखवून कारण सांगणे, त्यांचे म्हणणे रास्त असेल तर आखणी बदलणे आणि नसेल तर न चिडता नाही म्हणणे, हे सारे या एका तक्त्यातून जितके शिकता येते तितके क्वचितच एखाद्या प्रशिक्षणवर्गात शिकता येत असेल.

अशा प्रत्येक निर्णयाची चार ओळींत नोंद ठेवावी: अडचण काय होती, पर्याय कोणते होते, काय ठरवले आणि पुढे काय झाले. अर्ज लिहिताना ही वही उघडावी. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केले’ ही आपल्या अंगवळणी पडलेली नम्रता शिक्षकदालनात शोभते, पण अर्जात तिच्यामुळे कामच दिसेनासे होते. जे स्वतः ठरवले ते ‘मी ठरवले’ असेच लिहावे.

पदासाठी लागणारी पात्रता जाहिरात निघाल्यावर नव्हे, चार-पाच वर्षे आधी वाचावी. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शिक्षण किंवा नोकरी मध्येच थांबली असेल, तरी त्यामुळे वाट संपली असे समजण्याचे कारण नाही. एला फ्लॅग यंग यांनी १८६२ मध्ये शिकागोत शिक्षिका म्हणून सुरुवात केली, वरिष्ठांशी मतभेद झाल्यावर १८९९ मध्ये हातचे मोठे पद सोडले, १९०० मध्ये वयाच्या ५५व्या वर्षी डॉक्टरेट मिळवली आणि १९०९ मध्ये त्या शहरातील सर्व सार्वजनिक शाळांच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेतील इतक्या मोठ्या शहरात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत्या.

मार्गदर्शक निवडताना केवळ धीर देणारी व्यक्ती शोधू नये. आपण हजर नसलेल्या बैठकीत आपले नाव सुचवील आणि आपली चूक एकांतात स्पष्ट सांगेल, अशी व्यक्ती अधिक उपयोगाची.

पद मिळाल्यावर पहिल्या सत्रात मोठे बदल टाळावेत आणि रोज निदान एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे. अवघड प्रसंग बहुधा परक्यांकडून येत नाही. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण शेवटची तासिका सोडून लवकर जाण्याची सवलत मागते, तेव्हा जे उत्तर इतर कोणालाही दिले असते तेच तिला द्यावे आणि रजेच्या नोंदीत तसे लिहावे. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे बैठकीचे इतिवृत्त. अध्यक्षस्थानी स्त्री असली तरी ‘अक्षर चांगले आहे’ म्हणून वही तिच्याकडेच सरकवली जाते. ती पहिल्याच बैठकीत पुढच्या सहकाऱ्याकडे द्यावी आणि पाळी लावून टाकावी.