व्हिडिओ कॅप्चर करताना पीसी रिस्टार्ट व्हायचा, त्यावरचा इलाज (माझा अनुभव)

आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस (जुनी व्हिडिओ) कॅसेट कॅप्चर करताना, म्हणजे पीसीवर फाइल म्हणून उतरवताना, पीसी मध्येच रिस्टार्ट व्हायचा. विंडोजमधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली, तरी एरर दाखवणारी निळी स्क्रीन दिसली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद. ही नोंद कारण सांगत नाही. मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं, एवढंच सांगते.

नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ अंश. एन्कोडिंगमध्ये (व्हिडिओची फाइल बनवताना) प्रोसेसर सतत पूर्ण जोराने चालतो, म्हणून पहिला संशय उष्णतेवर. हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागातली) धूळ ब्लोअरने उडवली, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. तापमान छान उतरलं, रिस्टार्ट मात्र चालूच!

मग एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून टॉर्च मारला. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगलेले. (एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठून असते.) सीताबर्डीच्या बाजारातून नवा एसएमपीएस आणून बसवला. कॅसेट सलग, पूर्ण उतरली.