लाकडी बॅट की ॲल्युमिनियमची? आधी टीवर खडू घेऊन उभं राहा

नाशिकमधल्या सिडकोतल्या मैदानावर मी सकाळी मुलामुलींना बेसबॉल शिकवते. पहिल्याच आठवड्यात पालक विचारतात, "मॅडम, बॅट कुठली घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सामन्यासाठी संघात मिळून एक-दोन ॲल्युमिनियमच्या घ्या, पण सराव लाकडीवरच करा.

लाकडी बॅट काही लपवत नाही. चेंडू हँडलजवळ लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, नाहीतर बॅट मोडते. तसाच चुकीचा फटका ॲल्युमिनियमवर बसला, तर चेंडू इनफिल्डच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून जाऊन पडतो आणि मुलाला वाटतं, जमलं! आपली बहुतेक मुलं क्रिकेटमधून येतात, त्यांना सपाट बॅटची सवय असते. गोल बॅटवर चेंडू नेमका कुठे घ्यायचा हे अंगात मुरायला लाकूडच हवं.

सराव असा करा. टी म्हणजे चेंडू ठेवायचा उभा दांडा. त्यावर ठेवायच्या चेंडूला पांढरा खडू भरपूर चोळा. बॅट अशी धरा की चेंडू लागताना कंपनीचा छाप आकाशाकडे किंवा जमिनीकडे असेल. छाप चेंडूच्या बाजूला आला तर मार लाकडाच्या कमकुवत अंगावर बसतो आणि महागडी बॅट पहिल्याच आठवड्यात चिरते. दहा फटके मारून खुणा बघा. त्या शेंड्यापासून साधारण पंधरा सेंटीमीटरवर, एकमेकींच्या जवळ दिसायला हव्यात. खुणा मुठीकडे सरकल्या असतील तर टीपासून थोडं मागे व्हा, टोकावर असतील तर पुढे या. बॅट पुसा, पुन्हा दहा मारा. माझ्याकडे ज्यांच्या खुणा एका जागी येत नाहीत, त्यांना मी ॲल्युमिनियमची बॅट हातात देत नाही. मुलं कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

लाकडी बॅट ॲश, मेपल किंवा बर्चची बघा. विलो मऊ असतो, तो इथे चालत नाही. लाकडातल्या रेषा हँडलपासून सरळ जाताहेत ना, ते उजेडात धरून पाहा. हँडलवर रेषा तिरक्या असतील तर बॅट दुकानातच सोडून या. क्रिकेटच्या बॅटसारखं जवसाचं तेल लावायची गरज नाही, वर लाखेचा थर असतो. नाशिकच्या पावसाळ्यात मात्र ती गॅलरीत ठेवू नका. लाकूड ओल शोषतं आणि जड होतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नको.

आता ॲल्युमिनियम. अमेरिकेच्या कॉलेज सामन्यांत तिला १९७४ साली परवानगी मिळाली. तिचा पोकळ बॅरल, म्हणजे पुढचा जाड भाग, चेंडू लागताना किंचित आत दबतो आणि परत उसळतो, त्यामुळे चेंडू जोरात सुटतो. हा जोर धोकादायक ठरू लागला, म्हणून तिथे २०११ पासून 'बीबीकोर' नियम आला आणि उसळी लाकडाच्या जवळ आणली गेली. बॅटवर 'बीबीकोर .५०' छापलेलं आहे का ते बघून घ्या; चेंडू टाकणारा पिचर अवघ्या १८.४४ मीटरवर उभा असतो. बॅटवरचं 'उणे ३' म्हणजे इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यांतला फरक: ३३ इंची बॅट ३० औंसांची, सुमारे ८५० ग्रॅम. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ३०-३१ इंची, तीही हलकी, पुरते. एका हातात बॅट धरून हात बाजूला सरळ करायला सांगा. वीस सेकंदांत हात थरथरला तर ती जड आहे.

सॉफ्टबॉलची बॅट पडून आहे म्हणून बेसबॉलला वापरू नका. तिचा बॅरल २.२५ इंचांचा आणि वेगळ्या चेंडूसाठी बनवलेला असतो. बेसबॉलच्या कठीण चेंडूनं त्याला पोचे पडतात. कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र धाग्यांची) बॅट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाहेर काढू नका, पंधरा अंशांखाली तिला तडे जायची भीती असते. जुनी ॲल्युमिनियम घेताना बॅरलवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं, किंवा बॅट हलवल्यावर आत काही खडखडलं, तर घेऊ नका.

स्पर्धेत नाव देण्याआधी आयोजकांना विचारा, कुठली बॅट चालेल. वरिष्ठ गटात पुढे जायचं असेल तर लाकूड टळत नाही: ऑलिंपिकमध्ये २००० च्या सिडनीपासून लाकडी बॅटच आहेत.