अ‍ॅपवर जर्मन शिकताना माझे नेमके काय चुकले

मोबाइल अ‍ॅपवर जर्मन शिकायला लागून मला ४०० हून अधिक दिवस झाले होते, एकाही दिवसाचा खंड पडला नव्हता आणि ए-१ या सर्वांत पहिल्या पातळीच्या परीक्षेतील मौखिक भाग आपल्याला मुळीच जड जाणार नाही, अशी माझी खात्री होती. या भागात गठ्ठ्यातून एक कार्ड उचलायचे असते आणि त्यावर छापलेला एकच शब्द वापरून सोबतच्या परीक्षार्थीला प्रश्न विचारायचा असतो. माझ्या कार्डावर ‘झोनटाग’, म्हणजे रविवार, आला. ‘तू रविवारी काय करतेस?’ एवढेच विचारायचे होते. ‘वास माख्स्ट डू आम झोनटाग?’ या वाक्यातले पाचही शब्द मी अ‍ॅपवर शेकडो वेळा पाहिलेले होते. तरीही क्रियापदाचे रूप आठवेना, वाराच्या आधी ‘आम’ लागते हे सुचेना आणि ‘झोनटाग... वास...’ असे काहीतरी पुटपुटून मी गप्प झाले. वाचन आणि श्रवण यांनी हात दिला म्हणून १०० पैकी ६० गुणांची रेषा कशीबशी ओलांडता आली.

चूक कुठे झाली, हे कळायला मला त्यानंतरही बरेच दिवस लागले. माझ्या अ‍ॅपमधील बहुतेक प्रश्न शब्दांचे ठोकळे जुळवण्याचे होते. वर इंग्रजी वाक्य, खाली सात-आठ जर्मन ठोकळे, त्यांतले योग्य ते निवडून ओळीत लावायचे. यात मेख अशी की, ठोकळ्यावर क्रियापद आधीच चालवलेले असते. ‘माखन’पासून ‘माख्स्ट’ करण्याचे काम अ‍ॅपने उरकलेले असते आणि आपण ते फक्त ओळखतो. नामाआधी चतुर्थीचे ‘डेम’ हवे की द्वितीयेचे ‘डेन’ हा खरा प्रश्न असतो, पण ठोकळ्यांत दोन्हींपैकी एकच दिलेले असेल, तर तो प्रश्न उद्भवतच नाही. शिवाय वाक्यातला पहिला ठोकळा मोठ्या अक्षराने सुरू होतो, नामेही मोठ्या अक्षराने सुरू होतात. त्यामुळे पुढे पुढे मी वाक्य न वाचताच केवळ अक्षरांच्या आकारावरून उत्तर लावू लागले होते आणि ते बरोबरही येत होते. दर वेळी हिरवी खूण दिसत होती. शब्द ओळखणे आणि तो स्वतःहून आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी ४०० दिवस पहिलीच करत राहिले.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की, अ‍ॅपमध्ये ठोकळे बंद करून उत्तर टंकित करण्याची सोय असेल, तर ती पहिल्या आठवड्यापासून वापरावी. तशी सोय नसेल, तर पडद्याचा खालचा अर्धा भाग तळहाताने झाकावा, वाक्य मोठ्याने म्हणावे आणि मगच हात काढावा. गती निम्म्याहून कमी होईल, चुका वाढतील आणि अ‍ॅपमधील क्रमवारीत आपण घसरू. घसरू द्यावे.

दुसरी अडचण आपल्यासारख्या मराठी भाषकांची विशेष आहे. हे अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीतून असतात आणि आपण मराठी बाजूला ठेवून इंग्रजीच्या खिडकीतून जर्मनकडे पाहू लागतो. थंडी वाजते हे सांगण्यासाठी मी कितीतरी दिवस ‘इश बिन काल्ट’ म्हणत होते, कारण इंग्रजीत कर्ता ‘मी’ आहे. खरे वाक्य ‘मिअर इस्ट काल्ट’ असे आहे आणि त्यातले ‘मिअर’ म्हणजे सरळ आपले ‘मला’. ‘मदत करणे’ या क्रियापदाबरोबर जर्मनमध्ये चतुर्थी येते, हा नियम मी इंग्रजीतून घोकला होता. ‘माणसाला मदत करतो’ असे आपण जन्मभर म्हणत आलो आहोत, हे लक्षातच आले नव्हते. अर्थात ‘ला’ सरसकट विश्वासार्ह नाही, कारण ‘माणसाला पाहतो’ येथे जर्मन द्वितीया वापरते. तीन लिंगांचे मात्र आपल्याला नवल वाटत नाही, ही मोठीच सवलत आहे.

अ‍ॅप टाकूनच द्यावे, असे मी म्हणणार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले; उजळणी एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत विभागलेली बरी, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते. विसरायच्या बेतात असलेला शब्द नेमका त्या दिवशी पुढे आणण्याचे काम वहीपेक्षा अ‍ॅप फार चांगले करते. त्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. रात्री झोपेच्या गुंगीत केवळ स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटू नये म्हणून केलेला सर्वांत सोपा धडा मात्र अभ्यासात धरू नये. मी असे धडे किती केले, हे मोजायची माझी हिंमत नाही.

तीन महिन्यांत अस्खलित बोलायला शिकवण्याची हमी देणाऱ्या मार्गदर्शकांविषयी माझे मत चांगले नाही. आपली दहा वाक्ये ऐकून त्यातल्या नेमक्या दोन चुका दाखवणारी एखादी व्यक्ती आठवड्यातून अर्धा तास मिळाली, तरी पुरे. ती पुढच्या पातळीवरचा विद्यार्थी असली तरी चालते. मला अशी व्यक्ती परीक्षेनंतर भेटली. पहिल्या दिवशी तिने मला जेवणाच्या टेबलावरच्या वस्तूंची नावे विचारली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. अ‍ॅपवर हे तिन्ही शब्द माझे ‘पूर्ण’ झालेले होते आणि तिन्हींची लिंगे मी चुकीची सांगितली. आता चमचा आणि काटा जमतात. सुरीला अजूनही माझ्या तोंडून आधी स्त्रीलिंगी ‘डी’ निघते, मग मी थांबते आणि नपुंसकलिंगी ‘डास’ म्हणते.